जुन्या गाडीचे ‘मिसिंग’ : आधी निदान, मग दुरुस्ती

न्यासाच्या महोत्सवी स्मरणिकेत मोटारीच्या इंजिनावरचा लेख पाहून काही वाचकांना नवल वाटेल. “आपल्या अंकात हा विषय कशाला?” असे एका स्नेह्यांनी मला विचारलेही. मी त्यांना एवढेच म्हटले की, आपल्या पांढुर्णा-सौंसर भागात किती घरांपुढे जुनी गाडी उभी आहे, ते एकदा मोजून पाहा. कोणाची व्हॅन शाळेची मुले नेते, कोणाची जीप बागेतून संत्र्याचे क्रेट आणते; आणि रात्री-अपरात्री घरात कोणी आजारी पडले की तीच गाडी नागपूरच्या किंवा छिंदवाड्याच्या वाटेला लागते. २०२३ साली पांढुर्णा हा स्वतंत्र जिल्हा झाला, कचेरीची कामे जवळ आली. तरी दूरच्या वाटा काही सुटल्या नाहीत. या वाटांवर धावणारी गाडी बहुधा नवी नसते. दोन-तीन मालकांच्या हातांतून फिरून ती आपल्या दारी आलेली असते.

अशा गाडीचा नेहमीचा आजार म्हणजे ‘मिसिंग’. गाडी उभी असताना थरथरते, चालताना झटके मारते, चढावर दम टाकते, पेट्रोल जास्त पिते. हा आजार ओळखावा कसा आणि बरा करावा कसा, याची माहिती घरातल्या कोणालाही समजेल अशी येथे देण्याचा विचार आहे. प्रत्येकाने हातात पाना घ्यावा असा माझा आग्रह नाही. परंतु मिस्त्री काय करतो आहे आणि का करतो आहे, हे मालकास कळले पाहिजे. एरवी निदान न होताच खिसा रिकामा होतो.

चुलीचा दाखला

चूल पेटवायची तर तीन गोष्टी लागतात. वाळके लाकूड, हवा आणि आगकाडी. लाकूड ओले असले, राखेने हवा कोंडली किंवा काडीच विझली, तर चूल पेटत नाही. पेट्रोल इंजिनाच्या प्रत्येक सिलेंडरात अशीच एक चूल पेटत असते. पेट्रोल आणि हवा यांचे योग्य मिश्रण आत यावे लागते. वजनाने १ भाग पेट्रोलास सुमारे १४.७ भाग हवा लागते. ते मिश्रण पिस्टनने घट्ट दाबावे लागते, त्यालाच आपण कॉम्प्रेशन म्हणतो. आणि नेमक्या क्षणी प्लगच्या तोंडाशी जोरदार ठिणगी पडावी लागते. मिश्रण, दाब आणि ठिणगी या तिघांपैकी एक जरी चुकले, तरी त्या सिलेंडरातला जाळ हुकतो. हा हुकलेला जाळ म्हणजेच मिसिंग होय.

हे किती वेगाने चालते ते पाहा. निकोलाउस ऑटो या जर्मन गृहस्थाने १८७६ साली सिद्ध केलेल्या चार फेऱ्यांच्या इंजिनात प्रत्येक सिलेंडर दोन चकरांत एकदा पेटते. इंजिन मिनिटाला ३००० चकरा फिरत असेल, तर एकेका सिलेंडरात मिनिटाला १५००, म्हणजे सेकंदाला २५ वेळा जाळ होतो. आपल्याकडे सर्वत्र दिसणारी मारुतीची व्हॅन, जिला पुढे ओम्नी हे नाव मिळाले, तिचे ७९६ सी.सी.चे इंजिन तीन सिलेंडरांचे आहे. त्यातले एक बंद पडले की तिसरा हिस्सा ताकद गेली. अँबेसेडर किंवा पद्मिनीचे एक सिलेंडर गेले, तर चौथा हिस्सा गेला. राहिलेली सिलेंडरे आपले काम करून शिवाय मेलेल्या सोबत्याचे पिस्टनही ओढतात. न जळलेले पेट्रोल सिलेंडरच्या भिंतीवरचे तेल धुऊन खाली ऑइलात उतरते आणि ऑइल पातळ करते. ज्या गाड्यांच्या सायलेन्सरच्या नळीत धूर शुद्ध करणारा कॅटॅलिटिक कन्व्हर्टर असतो, त्यांत हेच कच्चे पेट्रोल पेट घेऊन तो महागडा भाग जाळून टाकते. सबब ‘चालते तोवर चालू द्या’ हे धोरण येथे महाग पडते.

माझी एक चूक

या विषयावर लिहिण्याचा माझा अधिकार कोणता, असे कोणी विचारले तर मी माझी एक चूक सांगेन.

२०१५ साली नागपूर-छिंदवाडा नॅरोगेज गाडी बंद झाली. ब्रॉडगेज येण्यास अवधी होता. त्या सुमारास सौंसरजवळच्या एका गावच्या बागायतदाराने जुनी ओम्नी घेतली. कार्ब्युरेटरची, डेल्कोची गाडी. अठरा वर्षे झालेली. संत्र्याचा आंबिया बहार उतरू लागला होता. एके दिवशी तो गाडी घेऊन माझ्याकडे आला.

“मिस्त्रीकाका, सपाटीवर गाडी सोन्यासारखी चालते, घाट लागला का झटके मारून राहिली.”

मी इंजिन चालू केले. उभ्या गाडीत एकेक वायर काढून पाहिली; तिन्ही सिलेंडरे ठीक वाटली. प्लग आणि कॉईल त्याने आधीच दुसरीकडे बदलून आणले होते. मग मी माझ्या अनुभवाच्या घमेंडीत बोलून गेलो, “व्हॉल्व्ह गेले. हेड खोला लागते.”

“खोला मंग,” तो म्हणाला. “आईले दमा हाये. गाडी घरी पाहिजेच.”

कॉम्प्रेशन मोजण्याचे गेज माझ्या कपाटात पडून होते. ते मी लावले नाही. हेड उतरले, व्हॉल्व्ह घासले, नवे गॅसकेट बसले. बागेच्या बयाण्यातली रक्कम त्यात गेली. पंधरवड्याने एका रात्री त्याच्या आईस दम्याचा जोराचा झटका आला. आईला घेऊन तो छिंदवाड्यास निघाला. रामाकोनाच्या पुढे सिल्लेवानीचा घाट लागला आणि गाडीने पुन्हा तेच झटके सुरू केले. दोन सिलेंडरांवर चढाव ओढवेना. शेवटी इंजिन तापले आणि गाडी उभी राहिली. मागून आलेल्या एका ट्रकवाल्याने माउलीस वर नेले, म्हणून ती वेळेत पोहोचली आणि बरी झाली.

दुसऱ्या दिवशी तो माझ्याकडे आला. रागावला नव्हता. एवढेच म्हणाला, “काका, पैशाचं जाऊ द्या. पण गाडीले झालं काय, थे तरी सांगा.”

त्या संध्याकाळी अंधार पडू दिला. पुढची सीट उचलली. ओम्नीचे इंजिन सीटखालीच असते. दिवा मालवला. प्लगच्या वायरींवर पाण्याचा अगदी बारीक फवारा मारला आणि त्याला ऍक्सिलेटर झटकन दाबायला सांगितले. तिसऱ्या वायरीपासून शेजारच्या लोखंडी क्लिपकडे निळी ठिणगी चटचट उडू लागली. वायरीच्या कवचाला केसाएवढी चीर होती, तीही क्लिपच्या आड. वायर बदलली, क्लिपपासून दूर नेली. चौघांना बसवून घाट चढून आलो. एकही झटका नाही. हेडच्या कामाची मजुरी मी त्याला परत केली. त्या रात्रीची भरपाई मात्र मला करता आली नाही.

ही चूक नेमकी कोठे झाली, ते नीट ध्यानात घेण्यासारखे आहे. दोष चढावर येत होता आणि मी तपासणी उभ्या गाडीत केली. सपाटीवर ऍक्सिलेटर हलका असतो, सिलेंडरात मिश्रण थोडे जाते, दाब कमी असतो. तेव्हा अशक्त ठिणगीही प्लगची फट ओलांडते. चढावर ऍक्सिलेटर पुरा दाबला की सिलेंडर भरून मिश्रण जाते, दाब वाढतो आणि फट ओलांडण्यास ठिणगीला जास्त जोर लागतो. मग ती सोपी वाट शोधते आणि कवचाच्या चिरेतून बाहेर पळते. तात्पर्य, ज्या अवस्थेत दोष येतो, त्याच अवस्थेत तो आपल्या डोळ्यांसमोर आणल्याखेरीज कोणत्याही भागास हात लावू नये. या लेखात पुढे जे काही सांगितले आहे, ते सर्व या एका वाक्याचा विस्तार आहे.

प्रथम प्रश्न, मग पाना

वैद्य नाडी धरण्यापूर्वी चार प्रश्न विचारतो. गाडीच्या मालकानेही पुढील प्रश्नांची उत्तरे कागदावर लिहून ठेवावीत. झटके थंड इंजिनात येतात की तापल्यावर? उभ्या गाडीत, सपाटीवर की चढावर? ठेका एकसारखा पडतो, की मधूनच, वाटेल तेव्हा हुकते? पावसात किंवा दवात वाढते काय? गाडी गॅसवरही चालत असेल, तर दोन्हींवर हुकते की एकावरच? आणि दोष सुरू होण्यापूर्वी गाडीवर कोणते काम झाले होते?

उत्तरांतूनच अर्धी वाट दिसते. एकसारखा ठेका पडत असेल, तर दोष बहुधा एकाच सिलेंडराचा असतो. कधी हे, कधी ते असे हुकत असेल, तर सर्वांना सामाईक असलेली वस्तू पाहावी : कॉईल, रोटर, पेट्रोलचा पुरवठा, हवेची गळती. पावसात वाढत असेल, तर वायरी आणि डेल्कोचे झाकण. तापल्यावरच येत असेल, तर कॉईल किंवा कंडेन्सर. पेट्रोलवर ठीक आणि गॅसवर झटके, असे असेल तर पुष्कळदा ठिणगी अशक्त असते. कारण गॅसचे मिश्रण पेटविण्यास जास्त जोराची ठिणगी लागते. आणि दोष एखाद्या कामानंतर लगेच उद्भवला असेल, तर प्रथम त्याच कामाकडे पाहावे. प्लगच्या वायरी अदलाबदल होऊन बसणे ही अगदी साधी चूक आहे. ओम्नीच्या इंजिनात ठिणगीचा क्रम १-३-२ असा, तर अँबेसेडरच्या पेट्रोल इंजिनात १-३-४-२ असा असतो.

त्यानंतर फुकटची तपासणी. बॅटरीची टर्मिनले घट्ट व स्वच्छ आहेत काय? इंजिनापासून बॉडीकडे जाणारी अर्थची पट्टी तुटली तर नाही ना? एखादी रबरी नळी निसटली वा फाटली आहे काय? एअर क्लीनर धुळीने बुजला आहे काय? कच्च्या रस्त्यावर चालणाऱ्या आपल्या गाड्यांत हा शेवटचा प्रश्न विशेष महत्त्वाचा आहे.

येथे सावधगिरीचे चार शब्द. इंजिन चालू असताना गमछा, पदर, सैल बाही पंख्याच्या पट्ट्यापासून दूर ठेवावी. बंद शेडमध्ये इंजिन चालवू नये. धुरातील कार्बन मोनॉक्साइडला वास नसतो आणि तो जीव घेतो. जवळपास विडी पेटवू नये. प्लगच्या वायरीत हजारो व्होल्टचा दाब असतो. म्हणून उघड्या हाताने ती ओढू नये. ज्यांच्या छातीत पेसमेकर बसविला आहे, त्यांनी या कामापासून दूरच राहावे.

कोणते सिलेंडर?

आता मुख्य पायरी. इंजिन मंद चालू ठेवून एका वेळी एकाच प्लगची वायर कवच असलेल्या पकडीने काढावी. ती नुसती लोंबकळत ठेवू नये. वायरीचे टोक जम्पर तारेने इंजिनाच्या लोखंडास टेकवावे, नाहीतर इलेक्ट्रॉनिक इग्निशनच्या गाडीत कॉईल वा मॉड्यूल जळण्याची भीती असते. काही सेकंदांतच वायर परत लावावी. वायर काढताच इंजिनाचा आवाज पडला, तर ते सिलेंडर काम करीत होते. काहीच फरक पडला नाही, तर तेच मेलेले सिलेंडर होय.

सिलेंडर सापडले की अदलाबदल करावी. त्याचा प्लग शेजारच्या सिलेंडरात आणि शेजारचा येथे. दोष प्लगबरोबर सरकला, तर प्लग खराब. नाही सरकला, तर वायरीची अदलाबदल करावी. मात्र डेल्कोवरचा क्रम बिघडू देऊ नये. तरीही दोष जागेवरच राहिला, तर डेल्कोच्या झाकणातील तो खाचा किंवा सिलेंडराचे पोट यांत पाहावे. या रीतीत एक पैचाही नवा भाग लागत नाही.

काढलेला प्लग फेकू नये, तो वाचावा. टोकाचा रंग भाजलेल्या बिस्किटासारखा तपकिरी असेल, तर जाळ चांगला. कोरडी काळी काजळी म्हणजे पेट्रोल जास्त किंवा ठिणगी अशक्त. पेट्रोलने ओला म्हणजे ठिणगी पडतच नाही. ऑइलने ओला व चिकट म्हणजे रिंग किंवा व्हॉल्व्हच्या गाइडमधून ऑइल वर येत आहे. पांढराफटक म्हणजे मिश्रण रोडावले आहे किंवा इंजिन फार तापते. चिनी मातीला चीर असेल, तर प्लग बाद. प्लगची फट फीलर गेजने मोजावी. मारुतीच्या या इंजिनात ती साधारण ०.७ ते ०.८ मि.मी. असते, इतर गाड्यांसाठी कंपनीची पुस्तिका प्रमाण मानावी.

ठिणगीची वाट

डिस्ट्रिब्युटरला आपल्याकडील सर्व मिस्त्री ‘डेल्को’ म्हणतात. हे नाव आले कोठून, हे पुष्कळांना ठाऊक नसते. अमेरिकेतील ओहायो प्रांतात डेटन या गावी चार्ल्स केटरिंग व एडवर्ड डीड्स यांनी १९०९ साली डेटन इंजिनिअरिंग लॅबोरेटरीज कंपनी काढली. तिच्या इंग्रजी नावाच्या आद्याक्षरांचा ‘डेल्को’ झाला. बॅटरीच्या साध्या प्रवाहापासून कॉईलच्या साहाय्याने जोरदार ठिणगी पाडण्याची केटरिंग यांची पद्धत पुढे जगभरच्या गाड्यांत कित्येक दशके चालली, आणि ते नाव समुद्र ओलांडून सौंसरच्या गॅरेजपर्यंत आले.

डेल्कोचे झाकण काढून आतून निरखावे. पेन्सिलीने ओढल्यासारखी काळी बारीक रेघ दिसली, तर तिच्यावरून ठिणगी गळते, झाकण बदलावे. ओल आली असेल, तर कोरड्या फडक्याने पुसावी. मधला कार्बनचा तुकडा झिजला नाही ना, रोटरचे टोक जळले नाही ना, ते पाहावे. जुन्या पद्मिनी, अँबेसेडर गाड्यांत सी.बी. पॉइंट असतात. ते काळे पडले असल्यास बारीक पॉलिश पेपरने साफ करून त्यांची फट पुस्तिकेप्रमाणे ठेवावी. पॉइंट वारंवार जळत असतील, तर कंडेन्सर संशयास्पद समजावा. डेल्कोचा दांडा हाताने इकडे-तिकडे हलत असेल, तर बुश झिजले आहे. अशा गाडीत फट कितीही नेमकी ठेवली, तरी ती फिरताना बदलत राहते.

पेट्रोल आणि हवा

ठिणगी ठीक असेल, तरच कार्ब्युरेटरकडे वळावे. माझा अनुभव असा की, लोक नेमके उलट करतात. झटका आला की आधी कार्ब्युरेटर खोलतात, जेटमध्ये तार घालून त्याचे भोक मोठे करतात आणि एका दोषाचे दोन करून ठेवतात. जेट साफ करणे ते हवेच्या दाबाने.

पेट्रोल कमी पडण्याची कारणे क्रमाने पाहावीत. टाकीच्या झाकणाचे हवेचे भोक बुजणे, फिल्टर तुंबणे, पंपाचा पडदा सैल होणे, फ्लोट चिकटणे. मे महिन्याच्या उन्हात जुन्या गाडीच्या नळीत पेट्रोलची वाफ होऊन पुरवठा तुटतो. तेव्हा गाडी सावलीत उभी करून पंपावर ओले फडके ठेवावे, थोड्या वेळाने ती सुरू होते. मिश्रणात आगंतुक हवा शिरत असेल, तर मंद चालीत थरथर जास्त आणि वेगात कमी असते. अशा वेळी मॅनिफोल्डला जोडलेल्या रबरी नळ्या एकेक करून चिमटीत दाबाव्यात. जी दाबताच इंजिन सुधारते, ती फाटकी होय.

अलीकडे एक नवी बाब ध्यानात ठेवावी लागते. २०२३ पासून २० टक्के इथेनॉल मिसळलेले पेट्रोल पंपांवर येऊ लागले आणि २०२५ पर्यंत ते देशभर पोहोचले. इथेनॉल पाणी ओढून घेते. पाणी जास्त झाले की दोन्ही मिळून टाकीच्या तळाशी बसतात आणि तेच आधी इंजिनाकडे जाते. जुन्या नळ्या व वॉशर अशा इंधनासाठी बनविलेले नव्हते. ते फुगतात किंवा तडकतात. शिवाय मिश्रण किंचित रोडावते आणि कार्ब्युरेटरला ते आपण होऊन सावरता येत नाही. म्हणून जुनी गाडी महिनोन्महिने अर्ध्या टाकीवर उभी ठेवू नये, आणि नळ्या वर्षातून एकदा हाताने चाचपून पाहाव्यात.

शेवटी कॉम्प्रेशन

ठिणगी आणि पेट्रोल दोन्ही निर्दोष ठरल्यावरच इंजिनाच्या पोटात पाहावे. पण पाना लावून नव्हे, गेज लावून. इंजिन तापवून बंद करावे, सर्व प्लग काढावेत, ठिणगी व पेट्रोल बंद ठेवावे, ऍक्सिलेटर पूर्ण दाबून स्टार्टर फिरवावा आणि प्रत्येक सिलेंडराचा आकडा लिहून घ्यावा. आकडा किती, याहून तो शेजाऱ्यांशी जुळतो की नाही, हे महत्त्वाचे. एखादा दहा-पंधरा टक्क्यांहून जास्त खाली असेल, तर त्या सिलेंडरात चमचाभर ऑइल सोडून पुन्हा मोजावे. आकडा चढला, तर रिंगा झिजल्या आहेत. चढला नाही, तर व्हॉल्व्ह किंवा गॅसकेट. शेजारशेजारची दोन सिलेंडरे सारखीच पडली असतील, तर त्यांच्यामधले गॅसकेट फुटल्याचा दाट संशय घ्यावा. व्हॉल्व्हचा दोष दिसला, तरी हेड उतरविण्यापूर्वी टॅपेटची फट तपासावी. ती फार घट्ट असली की व्हॉल्व्ह पुरता मिटत नाही आणि कॉम्प्रेशन गळते. त्या दिवशी मी ही दहा-पंधरा मिनिटे खर्ची घातली असती, तर हेड उतरलेच नसते.

इंजेक्शनच्या आणि डिझेलच्या गाड्या

सन २००० नंतर पेट्रोल गाड्यांत कार्ब्युरेटर जाऊन इंजेक्शन आले. पुष्कळ नव्या गाड्यांत तर डेल्कोही उरले नाही; प्रत्येक प्लगवर स्वतंत्र कॉईल असते. अशा गाडीत इंजिनाचा पिवळा दिवा लागतो, आणि स्कॅनर लावला की पी ०३०१ असा क्रमांक येतो. त्याचा अर्थ पहिल्या सिलेंडरात जाळ हुकतो; पी ०३०२ म्हणजे दुसऱ्यात; पी ०३०० म्हणजे कोठेही, अनियमित. पण स्कॅनर सिलेंडर दाखवितो, कारण सांगत नाही. म्हणून येथेही तीच जुनी रीत : कॉईल शेजारी बदलून पाहावी, क्रमांक सरकतो काय ते पाहावे, मगच नवी घ्यावी. दिवा उघडझाप करीत असेल, तर कन्व्हर्टर जळण्याची भीती असते. गाडी हळू चालवून लवकर दुरुस्तीस न्यावी.

डिझेल गाडीस प्लगची ठिणगी नसते. तेथे दाबाच्या उष्णतेनेच डिझेल पेटते. तिथे झटके आले, तर नळीत शिरलेली हवा, तुंबलेला फिल्टर, खराब नोझल आणि कमी कॉम्प्रेशन या क्रमाने पाहावे. जुन्या जीपमध्ये मिस्त्री नोझलचा नट सैल करून सिलेंडर ओळखतात. कॉमन रेलच्या नव्या गाडीत मात्र हे चुकूनही करू नये. तेथील डिझेलची धार कातडीत घुसण्याइतकी जोरकस असते.

जुनी गाडी घेण्यापूर्वी

आपल्याकडील पुष्कळ गाड्या नागपूरहून येतात. तेथील ना हरकत प्रमाणपत्र, मध्यप्रदेशातील पुन्हा नोंदणी, आणि खासगी गाडीस १५ वर्षे झाली असल्यास दर ५ वर्षांनी होणारे नूतनीकरण, ही कागदपत्रे तर पाहावीतच. पण इंजिनासाठी तीन गोष्टी कराव्यात. पहिली, आपण येण्याआधी इंजिन चालू करू नका असे विकणाऱ्यास सांगावे. थंड इंजिन खोटे बोलत नाही. दुसरी, सायलेन्सरच्या तोंडापासून दोन बोटे दूर कागदाचा तुकडा धरावा. तो सारखा बाहेर उडत राहिला तर ठीक. मधूनच आत ओढला गेला, तर एखादा एक्झॉस्ट व्हॉल्व्ह नीट मिटत नसावा. तिसरी, चौघांना बसवून गाडी चढावर नेल्याखेरीज बयाणा देऊ नये. सपाटीवर सोन्यासारखी चालणारी गाडी मी पाहिली आहे.

गाडीत एक लहान वही ठेवावी. कोणता भाग कधी बदलला, का बदलला, आणि त्याने दोष गेला की नाही, हे तीत लिहावे. ज्या बागायतदाराची हकिकत वर सांगितली, त्याच्या ओम्नीत अशी वही आहे. तिच्या पहिल्या पानावर त्याने माझ्या हाताने लिहवून घेतले आहे : “तिसरी वायर. चीर. हेडचा दोष नव्हता.” त्यानंतर कितीही ओळखीचा झटका ऐकला, तरी मी आधी गेज आणि कागद मागतो. वाचकांनीही आपल्या मिस्त्रीकडे निःसंकोच तेवढेच मागावे.